रक्ताचं कोणी आहे का?

"बाई, जरा पानी मिळंल का प्यायला?"

शनिवारची सकाळची शाळा करून मी नुकतीच घरी आले होते. कृपाला अंगणात पाटावर बसवून तिच्या केसांना तेल लावत होते, तेवढ्यात फाटकापाशी आवाज आला. पाहिलं तर एक म्हातारी. अंगावर विटकं नऊवारी लुगडं, कपाळाला भंडाऱ्याचा पिवळा पट्टा, काखेत कापडी पिशवी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

मी म्हटलं, "या ना, आत या. उन्हात का उभ्या?"

नगरला आमच्या ख्रिस्ती वस्तीत खेड्यापाड्यातली माणसं नेहमी यायची. कुणी दवाखाना विचारत, कुणी शाळा. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी पाणी आणलं. तिनं तांब्या तोंडाला लावला, पण नजर काही पाण्यावर नव्हती. तांब्याच्या कडेवरून ती कृपाकडे बघत होती.

"तुमची का?"

"हो."

"नाव काय?"

"कृपा."

तिनं ते नाव ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं. मग पिशवीत हात घालून मूठभर भाजलेल्या शेंगा काढल्या आणि कृपापुढे धरल्या. कृपानं डावा हात पुढं केला. माझ्या सवयीप्रमाणे मी बोललेच, "कृपा, उजव्या हातानं घ्यावं, बाळा."

"ऱ्हाऊ द्या, बाई," म्हातारी म्हणाली. "तिची आईबी डाव्याच हातानं घ्यायची."

मी हसले. म्हणणार होते, 'अहो, मी कुठं डावरी?' आणि हसू तोंडावर असतानाच माझ्या हातातली तेलाची वाटी कलली. तेल पाटावरून जमिनीवर गेलं तरी मला कळलं नाही.

"कृपा, आत जा," मी म्हटलं. "आत जाऊन बस. मी बोलवेपर्यंत यायचं नाही." ती आत गेल्यावर मी दाराला बाहेरून कडी घातली. मग कडीला पाठ लावून उभी राहिले.

म्हातारी तशीच उकिडवी बसून होती. "भिऊ नगा," ती म्हणाली. "म्या ठकूबाई. पाथर्डीकडली. कलीची आई. कलावती. तुमच्या पोरीची... त्या पोरीची आई ती."

मग तिनं सांगितलं. कलावतीचा नवरा लग्नानंतर वर्षभरातच ट्रकखाली गेला. ती पोटुशी होती, माहेरी आली. बाळंत झाली आणि आठवड्याच्या आत तापानं गेली. तान्ह्या पोरीलाही ताप होता. ठकूबाईचा मुलगा म्हणाला, मी हिला नगरच्या दवाखान्यात नेतो. दोन दिवसांनी तो रिकाम्या हातांनी परत आला. पोर वाटेतच गेली, तिकडंच माती दिली, असं सांगितलं.

"म्या इस्वास ठेवला," ती म्हणाली. "पोटचा पोरगा. का न्हाई ठेवायचा? आन् गेल्या आमावस्येला सुनंचं आन् माझं वाजलं. भांडता भांडता ती बोलून गेली, 'नात मेली म्हणून कशाला गळा काढता, तुमच्या लेकानं ती आश्रमाच्या पायरीवर ठेवलीया.' पोरगा खाली मान घालून बसला. तवा कळलं, खरं हाय."

अनाथाश्रमातल्या मोठ्या बाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातल्या कुणी तरी दया येऊन सांगितलं होतं की, ती पोर आढाव मास्तरीणबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, दिली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? म्या माझी नात न्यायला आलीया."

आत कृपा दाराला चिकटून उभी होती. तिचा श्वास मला फळीतून ऐकू येत होता.

आमची कोर्टाची तारीख सोमवारी होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती हल्लीच्या पोरांना खरी वाटत नाही. त्या काळी ख्रिस्ती माणसाला कायद्यानं दत्तक घेता येत नसे. मूल घरात आणायचं, न्हाऊमाखू घालायचं, त्याच्या उशाशी रात्री काढायच्या. पण कोर्टात जाऊन मागायचं काय, तर 'आम्हाला या मुलाचे पालक नेमा.' आईवडील नाही. पालक. तेही मूल सज्ञान होईपर्यंत. त्याच अर्जासाठी आम्ही तारखांमागून तारखा झेलत होतो. आश्रमाच्या दप्तरात होतं तेच आमच्या अर्जात लिहिलं होतं: मुलीला रक्ताचं कोणी नाही.

माझे यजमान शांतवन एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दुपारी ते आले, तेव्हा ठकूबाई फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातसुद्धा धुतले नाहीत, तसेच ग्रीसचे हात घेऊन सायकलवरून सातदिवे वकिलांकडे गेले आणि त्यांना घेऊनच आले.

वकिलांनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. "हीच का? तिच्याजवळ कागद वगैरे काही?"

"कागद कुठला?" मी म्हटलं. "लिहितावाचता येत नाही त्यांना."

"मग ऐका. सोमवारी ही कोर्टाच्या आवारात दिसता कामा नये. रक्ताची आजी उभी राहिली की सगळंच फिरलं. चौकशी लागेल. चौकशी होईपर्यंत जज्जसाहेब मुलीला परत आश्रमात ठेवायला सांगतील. आणि ती हिंदू, तुम्ही ख्रिस्ती. तिच्या गावात कुणी हा मुद्दा उचलला तर मग माझ्याही हातात काही राहत नाही."

"पण त्या खरं बोलतायत," मी म्हटलं.

"आढावबाई, खरं आहे म्हणून तर भीती आहे. खोटी असती तर मी तिला आत बोलावून चहा पाजला असता."

वकील गेल्यावर शांतवन ग्रीसचे हात फडक्याला पुसत बसले. आमची तीन मुलं जन्माला येण्याआधीच गेली होती. कृपा घरात आली तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि पहिले कित्येक दिवस ती फक्त त्यांच्याच पायाला मिठी मारून झोपायची. त्यांनी तिच्यासाठी वर्कशॉपमधून बेअरिंग आणून तीनचाकी गाडी केली होती.

"मी तिला एस.टी.त बसवून येतो," ते उठत म्हणाले.

"त्या ऐकतील?"

"समजावून सांगतो. सोमवारनंतर ये म्हणतो. भेट म्हणतो हवं तेव्हा."

"सोमवारनंतर येऊन त्या काय करणार?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मी खिडकीतून पाहत होते. ते ठकूबाईपुढे वाकून काही तरी बोलले, तिनं मान हलवली, ते पुन्हा बोलले. शेवटी ती उठली आणि त्यांच्या मागून चालू लागली. वळणावर थांबून तिनं एकदा आमच्या बंद दाराकडे पाहिलं.

अंधार पडायच्या आत शांतवन परत आले. "बसवली," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही उपासनेला चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि मला मागं काही तरी आहे असं सारखं वाटत होतं. डोळे मिटलेले ठेवणं जमेना. वळून पाहिलं, तर देवळाच्या उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ओळीशेजारी, डोक्यावरून पदर घेऊन ठकूबाई बसली होती. सगळ्यांनी हात जोडले होते म्हणून तिनंही जोडले होते.

शांतवननीही पाहिलं. त्यांनी कृपाला मांडीवर ओढलं आणि घट्ट धरलं, इतकं की ती कुरकुरली, "पप्पा, लागतंय."

उपासना संपल्यावर मी सरळ तिच्याकडे गेले. शांतवन कृपाला घेऊन दुसऱ्या दारानं निघून गेले.

"ठकूबाई, तुम्ही गावाला गेला नाहीत?"

"कंडक्टरला म्हनलं, उतरव बाबा. माझं माणूस इथंच राहिलंया."

"रात्री कुठं होतात?"

"स्टँडावर. लई माणसं असत्यात तिथं."

मी तिला देवळामागच्या चिंचेखाली बसवलं. घरी जाऊन भाकरी आणि कालवण घेऊन आले. ती जेवत असताना मी विचारलं, "नेऊन काय कराल तिला?"

"काय करनार? सांभाळीन."

"तुमची सून?"

तिनं घास चावला, गिळला.

"मुलगा?"

"त्याचं नाव काढू नगा."

"मग शाळेचं, आजाराचं... तुम्ही किती दिवस पुरणार?"

"बाई," ती म्हणाली, "म्या तुमाला सवाल इचारला का? तुमी माझी नात दाराआड घातली, कडी लावली. म्या बोलले का काय?"

ती हात धुवून उठली आणि चूळ भरून परत बसली. पुढं काय करणार आहे, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कोर्टाची तारीख उद्या आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आमची घरातली प्रार्थना असे. बायबलमधलं वचन वाचायचं, एक गीत म्हणायचं, मग एकेकानं देवाचे उपकार मानायचे. कृपाची पाळी पहिली. तिनं शेंगांबद्दल उपकार मानले. आजीबाईनं दिलेल्या शेंगांबद्दल. शांतवन खाकरले. मग माझी पाळी आली. रोज मी एकच वाक्य आधी म्हणायचे, 'प्रभू, तू आम्हाला हे लेकरू दिलंस म्हणून तुझे उपकार.' ते वाक्य ओठावर आलं आणि तिथंच अडलं. ज्याची वस्तू तो दारात उभा आहे, त्याला आपण हाकलतोय आणि डोळे मिटून देवाला म्हणतोय, तू दिलीस. मी नुसतं 'आमेन' म्हणून टाकलं.

शांतवननी बायबल मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्यांना काय सांगणार होते? मलाच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी घराबाहेर पडलो तेव्हा कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. शांतवननी सुटकेचा श्वास टाकला. टांगा कोर्टापाशी थांबला. मी खाली उतरले, मागं वळले, तर धुळीतून लांब लांब पावलं टाकत ठकूबाई येत होती. वस्तीच्या वळणापासून टांग्यामागून चालत आली होती ती. दम लागला होता.

"हे कसलं घर?" तिनं मला विचारलं.

"कोर्ट."

"इथं कशाला?"

सातदिवे वकील घाईघाईनं पुढे झाले. "बाई, तुम्ही इथं बाहेर बसा. आत यायचं नाही. पोलीस असतात."

पोलीस म्हटल्यावर ती व्हरांड्यातल्या खांबाला टेकून खाली बसली.

आत पंखा गरगरत होता. आमच्या आधी दोन प्रकरणं झाली. कृपा माझ्या मांडीवर बसून बांगड्या फिरवत होती. मग आमचं नाव पुकारलं. जज्जसाहेब मध्यम वयाचे, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी अर्ज चाळला. शांतवनना नोकरी विचारली, मला शाळा विचारली. कृपाकडे बघून थोडं हसले. सगळं इतकं सोपं चाललं होतं की माझ्या तळहातांना घाम फुटला.

"मुलीला रक्ताचं कोणी आहे का?" कागदावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब," वकील म्हणाले. "आश्रमाचा दाखला जोडला आहे."

"ठीक." त्यांनी पेन उचललं.

मी उठले. कृपाला शांतवनच्या मांडीवर दिलं. ते माझ्याकडे बघायला लागले आणि त्यांना कळलं. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"आहे, साहेब."

"काय?"

"रक्ताचं माणूस आहे. आजी आहे. आईची आई. अर्ज केला तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, परवा कळलं. त्या बाहेर व्हरांड्यात बसल्यात."

सातदिवे वकिलांनी डोळे मिटून घेतले. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना, बाई? ही तुमची स्वतःचीच केस आहे."

"कळतंय."

"बोलवा त्यांना."

शिपायानं पुकारा केला. ठकूबाई आत आली ती भेदरलेली. पिशवी छातीशी धरून. जज्जसाहेबांनी तिला नाव, गाव विचारलं. मग हळूहळू, एकेक करून, सगळं काढून घेतलं. कली, ताप, मुलानं आणलेली खोटी बातमी, सून. ती उभी राहून सांगत होती.

"ही तुमची नात आहे, तुमची खात्री आहे?"

"व्हय. कलीचं त्वांड हाय."

"तुम्हाला ती हवी आहे?"

"पायजे तर. माझीच हाय ती."

शांतवननी कृपाला छातीशी धरलं होतं. मी बाकाची कड धरली.

"मग या दोघांकडे मुलगी राहायला तुमची हरकत आहे, असं लिहून घेऊ?"

"हरकत म्हंजी?"

"म्हणजे त्यांच्याकडे राहू नये, असं तुमचं म्हणणं आहे का?"

ठकूबाईनं कृपाकडे पाहिलं. कृपानं तिला ओळखलं आणि शांतवनच्या खांद्याआडून ती हसली. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. मग ती माझ्याकडे वळली आणि बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मला आत कुनी बोलीवलं?"

"या बाईंनी सांगितलं, तुम्ही बाहेर बसल्याचं."

"हिनं? त्या कोटवाल्या वकिलानं न्हाई?"

"नाही. यांनीच."

"न सांगता चाललं आसतं का हिचं?"

जज्जसाहेबांनी पेनाकडे पाहिलं. "चाललं असतं," ते म्हणाले. "मी सही करतच होतो."

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या पोटच्या पोरानं मला पाच वरसं खोटं सांगितलं, साहेब. आन् ही परकी बाई. हिला पोर गमावायची पाळी आली तरी खोटं बोलली न्हाई. मग माझ्या कलीचं लेकरू म्या कुनाकडं ठेवू? त्या घरात का ह्या घरात?" ती मेजाजवळ सरकली. "हरकत न्हाई माझी. लिवा. पन साहेब, एक करा. त्या कागदावर कुटं तरी मला आजी म्हनून लिवा."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमचा जबाब मी घेतो. पण हुकुमात आजी म्हणून लिहायची कायद्यात सोय नाही."

"न्हाई?"

"नाही."

पिशवीचे बंद तिनं बोटाला गुंडाळले, सोडवले. आणि तेव्हा शांतवन उठले. दोन दिवस ज्या माणसानं त्या म्हातारीकडे धड पाहिलं नव्हतं, तो कृपाला कडेवर घेऊन पुढे गेला.

"साहेब," ते म्हणाले, "कायद्यात तर आम्हालाही आईबाप म्हणायची सोय नाही. आम्हीही नुसते पालक. आमच्या दोघांच्याही आया देवाघरी गेल्या. घरात आजी नाही." मग ते ठकूबाईकडे वळले. "मी तुम्हाला एस.टी.त बसवलं. आता मीच म्हणतोय, घरी चला."

त्यांनी कृपाला तिच्या हातात दिलं. म्हातारीची पिशवी खाली पडली, शेंगा सगळ्या फरशीवर पसरल्या, आणि शिपाई रागवायच्या ऐवजी वाकून त्या गोळा करायला लागला.

आमचा अर्ज त्या दिवशी मंजूर झाला नाही. गावाहून चौकशी आली, पुढची तारीख पडली, ठकूबाईंच्या मुलाचा जबाब झाला. तोवर जज्जसाहेबांनी कृपाला आमच्याकडेच ठेवलं. पावसाळ्यानंतर हुकूम हातात आला.

ठकूबाई आमच्या घरी राहायला आल्या त्या राहिल्याच. वस्तीत थोडी कुजबुज झाली, त्यांच्या गावात जास्त. त्यांनी भंडारा लावणं सोडलं नाही, आम्ही सोडा म्हटलं नाही. संध्याकाळी प्रार्थनेला त्या पदर घेऊन भिंतीशी बसायच्या आणि आमच्या 'आमेन'नंतर स्वतःच्या देवाला वेगळा नमस्कार करायच्या. कृपाची शाळा, तिची पाळी, तिचं कॉलेज, तिचं लग्न, सगळ्यात त्या होत्या. मला त्या 'बाई' म्हणायच्या, भांडण झालं की 'मास्तरीण'.

कृपाच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी त्या ऐंशीच्या घरात होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या दवाखान्यात येऊन बसल्या आणि हलेनात. पाणी प्यायल्या नाहीत. मी समजावलं, आता काळ बदललाय, डॉक्टर चांगले आहेत. "मला म्हाईत हाय," त्या म्हणायच्या आणि पुन्हा त्या बंद दाराकडे बघायला लागायच्या. त्या दाराच्या पलीकडे त्यांना कोण दिसत होतं, ते मला विचारायची गरज नव्हती. आत एकदा गडबड झाली, दोन नर्स धावत गेल्या. ठकूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं माझ्या कातडीत रुतली होती. शांतवन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग आतून बाळाचा आवाज आला. थोड्या वेळानं दार उघडलं आणि नर्स बाहेर आली.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत," ती म्हणाली. "पेशंटची आई कोण? आत बोलावलंय."

मी ठकूबाईंकडे पाहिलं. कलावतीची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर तशीच होती. इतक्या वर्षांत मी कोणत्याही कागदावर आईच्या जागी सही केलेली नव्हती. मी बसूनच राहिले.

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला.

"आगं, बसलीस काय? ऊठ की. तुला बोलीवत्यात."